चिंचेने घासलेलं नाणं

रविवारी सकाळी साडेसहाला मी घरातून निघायचे, तेव्हा नवरा पांघरुणातूनच म्हणायचा, "चालली भंगारवाली." पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. नंतर मी थर्मासमध्ये चहा ओतता ओतता उत्तर द्यायला लागले, की भंगारवालीच्या नवऱ्याने निदान उठून दार तरी लावून घ्यावं. तो काही उठायचा नाही. मी दार ओढून घ्यायचे, फावडं आणि मशीन डिकीत टाकायचे आणि गाडी काढायचे.

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, घर एकदम रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात मी दर वीकेंडला नवऱ्याशी भांडायला लागले. लोक अशा वेळी योगा सुरू करतात. मी शेतात फिरून जुनी नाणी शोधणाऱ्यांच्या एका क्लबात नाव घातलं. क्लबात पंधरा-वीस माणसं, बहुतेक पुरुष, बहुतेक निवृत्त, आणि साडी नेसणाऱ्यांच्या देशातून आलेली मी एकटी. मी अर्थात पँट आणि गमबूट घालूनच जायचे, पण पहिले काही महिने सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलत होते. जपून न बोलणारे फक्त काका.

ते माझे कोणी काका नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे इंग्रज गृहस्थ, जन्मभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करून निवृत्त झालेले. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. इकडे माणूस वयाने कितीही मोठा असला तरी त्याला नावाने हाक मारतात. मीही तोंडाने तशीच मारायचे, पण मनात त्यांना काका म्हणायचे, म्हणून इथेही तसंच म्हणते. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या घरापासून ते पंधरा मिनिटांवर राहायचे. सुरुवातीला त्यांच्या जुन्या व्हॅनमधून तेच मला न्यायचे. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसायचं नाही. लायसन्स परत करावं लागलं. त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला आणि ते काही न बोलता येऊन शेजारच्या सीटवर बसले. तेव्हापासून गाडी मी चालवायची आणि रस्ता त्यांनी सांगायचा.

मोटरवेने तासभर उत्तरेला गेलं की बेडफर्डशरमधलं ते शेत. काकांना रस्ता दिसत नव्हता, पण चुकायचेही नाहीत. आता उतार लागेल, आता डावीकडे पांढरा पब येईल, त्याच्यापुढे स्लो कर, तिथे घोडे असतात. एकदा मी फोनवर नकाशा लावला तर रागावून पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही दोघंही तापटच.

त्या शेतावर ते तीस वर्षं येत होते. शेतकऱ्याची परवानगी त्यांनीच पहिल्यांदा काढली होती. पीक निघालं की यायचं, खणलेला प्रत्येक खड्डा होता तसा बुजवायचा, वाटेत सापडलेला कचरा पिशवीत भरून आपल्याबरोबर न्यायचा, आणि काही मोलाचं निघालं तर शेतकऱ्याला दाखवल्याशिवाय फाटकाबाहेर काढायचं नाही. शिकवण्यात काका कडक होते. माझ्या पहिल्याच रविवारी मला मातीत एक जुनी पेनी सापडली, आणि मी ती आनंदाने अंगठ्याने चोळायला लागले. काकांनी खरोखरच माझ्या हातावर फटका मारला. पन्नाशीच्या बाईला! 

"घासायचं नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. थुंकी नाही, पाणी नाही, काही नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ब्राँझच्या नाण्यावर जो हिरवा थर चढतो तो मळ नसतो. मातीत शेकडो वर्षं राहून धातूच तसा झालेला असतो, आणि राजाचा चेहरा आणि भोवतालची अक्षरं उरलेली असतात ती त्या थरातच. थर गेला की चेहरा गेला. आत राहतो तो नुसता तांब्याचा तुकडा. हे मला त्या दिवशी कळलं आणि नंतर नवीन आलेल्या लोकांना मी स्वतः सांगायलाही लागले. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

डोळे गेल्यावर काकांचं सगळं लक्ष कानांत आलं होतं. हेडफोनमधला आवाज ऐकून ते सांगायचे, हे शिसं आहे, सोड. हे कॅनचं झाकण, पण खणून काढ, कचऱ्यात टाकू. माझं मशीन जिथे गप्प राहायचं तिथे त्यांना काहीतरी ऐकू यायचं. खणायचं काम माझं. मी गुडघ्यावर बसून माती काढायचे आणि निघालेली वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवायचे. मग ते अंगठा फिरवायचे, अगदी हलका, घासणं म्हणता येणार नाही इतका.

गेल्या सप्टेंबरात, गहू निघाल्यावर, आम्ही शेवटचे गेलो. शेवटचे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण काका दर पन्नास पावलांवर थांबत होते आणि काठीवर रेलून श्वास घेत होते. मी म्हटलं, परत जाऊ या. त्यांनी ऐकलं नाही. कुंपणाजवळच्या उंचवट्यावर ते थांबले, मशीन दोनदा इकडून तिकडे फिरवलं आणि म्हणाले, "इथे खण. सावकाश."

वीतभर खाली नाणं निघालं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, गडद हिरवं. मी ते त्यांच्या हातावर ठेवलं. अंगठा एकदा फिरला आणि थांबला.

"डोकं आहे," ते म्हणाले. "कोण आहे तो?"

मी भिंग लावून बघितलं. उजवीकडे तोंड केलेला एक चेहरा होता, नाक आणि हनुवटी कळत होती, कडेला अक्षरंही होती. पण मातीचा कण अन् कण थराला चिकटून बसला होता. रोमन आहे एवढंच मला सांगता आलं.

"रोमन आहे ते मलाही कळतंय," काका चिडून म्हणाले. मग शांतपणे, "या शेतात मला जी नाणी मिळाली ती सगळी एकाच काळातली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. त्यानंतर इथली माणसं निघून गेली असं सगळे म्हणतात. मला कधी ते पटलं नाही. हे नाणं निराळं लागतंय हाताला. जाडीला जास्त आहे. कोण आहे ते कळलं की कोणाच्या वेळेपर्यंत इथे चूल पेटत होती ते कळेल."

चूल हा माझा शब्द. त्यांनी इंग्रजीत म्हटलं होतं, कोणाच्या वेळेपर्यंत इथे घरी कोणीतरी होतं.

शेतकऱ्याला नाणं दाखवलं. तो म्हणाला, ठेवा तुम्ही, फक्त कोण आहे ते मलाही कळवा. परत येताना काका रस्ता सांगायला विसरले, आणि तेव्हा मी घाबरले. चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये होते. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाली, आणि तिच्या सुरावरून पुढचं कळलं.

नाणं माझ्याकडे होतं. अशा वस्तू नोंदवून घ्यायला काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात, एक सरकारी ऑफिसर असते. तिला मी फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, की फोटोवरून सांगता येत नाही, प्रत्यक्ष आणा. अपॉइंटमेंट मिळाली तीन आठवड्यांनंतरची. मी ऑफिस सुटलं की हॉस्पिटलला जायचे. काका मशीनला जोडलेले, नाकात नळी. मी आत शिरले की हॅलो नाही, काही नाही, पहिला प्रश्न तोच. "कळलं? कोण आहे तो?"

"अजून नाही. सोळा दिवस राहिले."

"सोळा दिवस खूप होतात," ते म्हणाले. कण्हत नव्हते की रडत नव्हते. बॉयलरचा पार्ट यायला किती दिवस लागतील ते सांगावं तसं म्हणाले. मला घरी येईपर्यंत गाडीत रडू येत राहिलं.

शनिवारी मी देवातली भांडी घासते. आई घासायची तशीच, चिंच आणि मीठ लावून. हॅरोच्या दुकानातून चिंचेची पाकिटं आणते, वाटीत कोळ करते, आणि ताम्हन, पळी, निरांजन असं एकेक घासून पंच्यावर उपडं घालते. काळंकुट्ट ताम्हन हाताखाली लख्ख होताना बघायला मला लहानपणापासून आवडतं. आठवड्यात बाकी काही धड झालं नाही तरी एवढं होतं. त्या शनिवारी घासून झालं आणि वाटीत तळाशी थोडा कोळ उरला. खिडकीच्या कट्ट्यावर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ते नाणं होतं.

मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे की मी तेव्हा काय विचार केला. फार काही नाही. एवढाच, की काकांना सोळा दिवस नाहीत. आणि एवढाच, की फक्त अक्षरांवरची माती सुटली तरी पुरे, एका कडेला लावू, दोन मिनिटं, लगेच धुऊ. माझ्या हातांना चिंचेची खात्री होती. चिंचेने आजवर माझ्या हाताखाली काही बिघडलं नव्हतं.

मी थेंब लावला. माती सुटली, आणि खाली दोन अक्षरं दिसली. खरंच दिसली.  मी जुना टूथब्रश घेतला आणि आणखी थोडा कोळ लावला. पाणी हिरवं झालं. मी धुतलं. अक्षरं नव्हती. मला वाटलं अजून माती असेल, म्हणून परत लावलं. तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा माझ्या हातात एक गुलाबीसर, चकचकीत, खड्डे पडलेला तुकडा होता. चेहरा कुठेच नव्हता. मी तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी वळवून बघितला. हनुवटीच्या जागी एक उंचवटा वाटत होता, पण तो मला वाटावंसं वाटत होतं म्हणून वाटत होता.

नवरा पाणी प्यायला आला. त्याने माझ्या खांद्यावरून बघितलं. "अरे वा, मस्त निघालं की. ब्रँड न्यू दिसतंय."

मी त्याच्यावर जी ओरडले, तशी लग्नाच्या सत्तावीस वर्षांत ओरडले नव्हते. तो बिचारा ग्लास हातात धरून उभा राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "अगं, त्यांना डोळ्यांनी थोडंच दिसणार आहे? एखाद्या राजाचं नाव सांगून टाक. ही विल बी हॅपी. कोणाचं काय जातंय?"

खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. मुलीला तिच्या लहानपणी मी याच एका गोष्टीवरून मारलं होतं. पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मी एका सम्राटाचं नाव घोकत होते. काकांना हवा होता तसा, उशिराच्या काळातला.

"कोण आहे तो?"

मी नाव सांगितलं. काकांनी डोळे मोठे केले. "नक्की?"

"नक्की. अक्षरं वाचता आली."

"दाढी आहे?"

"नाही. दाढी नाही."

"मागे काय आहे?"

हे मी ठरवून आले नव्हते. "दोन सैनिक," मी म्हटलं. "मध्ये झेंडा."

त्यांनी उशीवर डोकं टेकवलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, बरं केलं. खरंच वाटलं. मग त्यांनी हात पुढे केला, तळहात वर करून, शेतात करायचे तसा. "दे इकडे."

नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. विसरले असं म्हणता आलं असतं, पण पर्स मांडीवरच होती आणि माझा हात आधीच आत गेला होता. मी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. अंगठा फिरला. एकदा, मग परत एकदा, मग नाणं उलटून मागच्या बाजूला. मग अंगठा फिरायचा थांबला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा टीव्ही चालू होता, तो मला अचानक फार मोठ्याने ऐकू यायला लागला.

"काय लावलंस?"

"चिंच."

"ते काय असतं?"

"फळ असतं. आंबट. आमच्याकडे देवाची भांडी घासतात त्याने."

"चकाकतंय?"

"हो."

इकडे बसमध्ये आपण कोणाच्या पायावर पाय दिला तर ज्याचा पाय तोच सॉरी म्हणतो. मला वाटलं होतं काकाही म्हणतील, असू दे, काही बिघडत नाही. ते म्हणाले नाहीत. नाणं मुठीत धरून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी किती वेळा सॉरी म्हटलं ते मला आठवत नाही. शेवटी ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "नाव तरी सांगायचं नव्हतंस."

नाणं घासल्यापेक्षा त्याचं त्यांना जास्त लागलं होतं. मी उठून बाहेर आले आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जाऊ की नको, असं झालं होतं. तरी मी गेले. त्यांनी मला येऊ दिलं, बसू दिलं. कोण आहे तो, हे विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी ते कधीच विचारलं नाही, आणि रोज खोलीत शिरताना मी त्या प्रश्नाची वाट बघायचे. एकदा मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा म्हणाले, "ऑफिसरला नेऊन दाखव. निदान जागा तरी लिहून घेईल." एवढंच. आणखी पाच दिवसांनी, मी ऑफिसात असताना, ते गेले. नर्सने त्यांचं सामान दिलं त्यांच्या भाचीकडे, आणि नाणं एका पाकिटात घालून, वर माझं नाव लिहून, माझ्याकडे.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मी रजा घेतली आणि एकटीच गेले. रस्ता सांगायला कोणी नव्हतं, तरी नकाशा लावला नाही, आणि दोनदा चुकले. ऑफिसर तिशीची मुलगी होती, बोलायला गोड. तिने नाणं मोजलं, वजन केलं, मायक्रोस्कोपखाली धरलं. बराच वेळ बघितलं. मला अजूनही वाटत होतं, काहीतरी निघेल.

"काहीच वाचता येत नाही, सॉरी," ती म्हणाली. "कोणीतरी ॲसिडसारखं काहीतरी लावलंय. चौथं शतक असेल, पण कोणता सम्राट ते नाही सांगता येणार." मग तिने शेत कुठलं, नाणं किती खोल होतं, सापडलं कोणाला, ते विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं, आणि ते आता नाहीत हेही सांगितलं. ती हळहळली आणि टाइप करत करत, स्वतःशीच वाचल्यासारखं म्हणाली, "सापडल्यानंतर... शोधणाऱ्याने... साफ केलेलं."

 हे लिहायला मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हलकं वाटलं. तिने मला विचारलंच नव्हतं. विचारलं नव्हतं, म्हणजे सांगायला नको. ती पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. "त्यांनी नाही. त्यांनी तीस वर्षांत एक नाणं घासलं नाही. मी घासलं. घरी, किचनमध्ये. ते हॉस्पिटलमध्ये होते."

"इट्स ओके," ती म्हणाली. "खूप लोक करतात. नोंदीच्या दृष्टीने तसा फरक पडत नाही."

"पडतो. खोडा ते."

तिने खोडलं. मग कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, त्याऐवजी काय लिहू? मी म्हटलं, माझं नाव लिहा. ती म्हणाली, नोंद सगळ्यांना दिसते, त्यात माणसांची नावं घालत नाहीत. मग काय लिहायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि ती टाइप करत असताना मी स्क्रीनकडे बघत बसले.

ती नोंद इंटरनेटवर आहे, कोणालाही बघता येते. शेतकऱ्यालाही मी ती पाठवली. शेताच्या आसपासचं गाव आहे, वजन आहे, त्या चकचकीत तुकड्याचा दोन्ही बाजूंनी फोटो आहे. सम्राटाच्या रकान्यात 'ओळखता येत नाही' असं आहे. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे, की हे नाणं शोधणाऱ्याने साफ केलेलं नाही. काकांसाठी मला तेवढंच करता आलं. तो कोण होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते माझ्यामुळे.